आइसक्रीमचे हीव

दगडासारख्या घट्ट आइसक्रीमवर तापविलेला चमचा चालविणे हा गुन्हा आहे, असे मी म्हणत नाही. जुन्या पिनल कोडात त्याला कलम नव्हते आणि नव्या न्यायसंहितेतही नाही. पण तो अडाणीपणा मात्र आहे. आणि हा अडाणीपणा महाराष्ट्रातील शिकल्यासवरल्या घरांतून, सणासुदीच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत राजरोस चालू आहे. म्हणून त्याविरुद्ध कोणीतरी लिहिले पाहिजे. दिवाळी अंकात लिहिण्यासारखा हा विषय आहे का, असे संपादकांनी मला विचारले. मी म्हटले, चकली मऊ का पडते यावर जर दरवर्षी दोन पाने छापली जातात, तर आइसक्रीम मऊ का पडत नाही यावर चार पाने छापायला काहीच हरकत नसावी.

मी शास्त्राचा मास्तर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मॅट्रिकपुढे कॉलेजचे तोंड मी पाहिले नाही. शाळेत मुलांना चित्रकला शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु या दोन्ही धंद्यांत एक गोष्ट पक्की शिकावी लागते : कशाला किती वेळ द्यायचा. जलरंगाचा पहिला हात वाळण्याच्या आत दुसरा दिला की आकाशाचा चिखल होतो. नायिकेला तिसऱ्याच प्रकरणात रडविली की पुढली वीस प्रकरणे वाचक कोरडा राहतो. तेव्हा आइसक्रीमविषयी बोलण्याचा माझा अधिकार पदवीचा नसला, तरी अगदीच उपटसुंभाचा नाही.

दृश्य तुमच्या परिचयाचे आहे. जेवणे झाली आहेत. मंडळी बाहेरच्या खोलीत सैलावून बसली आहेत. कोणीतरी आणलेला मोठा डबा सकाळपासून फ्रीजरमध्ये पडून आहे. “अगं, आइसक्रीम आण की!” अशी आज्ञा बाहेरून सुटते. आत यजमानीणबाई डबा काढतात, चमचा रोवतात, आणि चमचा वाकतो. मग दुसरा, जाडसा चमचा येतो. तो वाकत नाही, पण आत शिरतही नाही. निसटून ओट्यावर आपटतो. मग सुरी येते. सुरीमागून उलथने येते. एका घरी तर मी बत्ता आलेला पाहिला आहे. “झालं का गं?” अशी दुसरी आज्ञा सुटते. मनगट दुखते आहे, बोटे गारठली आहेत आणि कपाळावर मात्र घाम आहे, अशा अवस्थेतल्या त्या बाईला मग कोणीतरी सल्ला देते : चमचा गॅसवर तापवून घ्या, नाहीतर डबाच मायक्रोवेव्हमध्ये फिरवा. शेवटी ज्या वाट्या बाहेर येतात त्यांत कडेला पातळ खीर असते आणि मध्ये एक खडा असतो. पाहुणे “वा, छान!” म्हणतात आणि तो खडा वाटीभर फिरवीत बसतात. आत त्या बाईच्या वाटीत काय पडते ते पाहायला कोणी जात नाही. मी गेलो आहे. तळाशी उरलेले गोड दूध पडते.

या सगळ्या फजितीचा दोष कोणाला दिला जातो? पहिल्याने कंपनीला, म्हणे हल्ली आइसक्रीम असेच करतात. नंतर फ्रीजला, म्हणे तो फारच थंड करतो, जणू काही तो आपण शेगडी म्हणून आणला होता. आणि अखेरीस, सर्वांचा मिळून, त्या बाईला; “तुला काढताच येत नाही.” माझे म्हणणे असे की, यांतल्या कोणाचाही दोष नाही. दोष त्या पहिल्या आज्ञेचा आहे. ती वीस मिनिटे उशिरा सुटली.

आता थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. आइसक्रीम हा एक पदार्थ नव्हे, ते चौघांचे एकत्र कुटुंब आहे : बर्फाचे अतिसूक्ष्म कण, हवेचे बुडबुडे, दुधातली चरबी, आणि या तिघांना सांभाळून घेणारा साखरेचा पाक. पाण्यात साखर मिसळली की ते शून्य अंशाला गोठत नाही. त्याला आणखी खाली जावे लागते. आइसक्रीमचे मिश्रण उणे अडीच-तीन अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठू लागते. थोडे पाणी बर्फ झाले की उरलेला पाक अधिक दाट होतो, आणि त्याला गोठवायला आणखी थंडी लागते. असे होत होत उणे ६ अंशांपाशी सुमारे निम्मे पाणी बर्फ झालेले असते. त्या वेळी आइसक्रीम लोण्यासारखे मऊ असते. आपल्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना, पाण्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग बर्फ होऊन बसतो. चमचा शिरतो तो पाकातून. बर्फातून कधीच नाही. पाक कमी उरला, चमचा अडला. इतकी साधी गोष्ट आहे.

डब्यावर उणे १८ अंशांना ठेवा असे छापलेले असते, आणि लोक त्याचा अर्थ उणे १८ अंशांना खा असा घेतात. ठेवण्याचे तापमान निराळे आणि खाण्याचे निराळे. शालू ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवतात. म्हणून तो कोणी डांबराच्या गोळ्यांसकट नेसत नाही. आइसक्रीम वाढायला आणि खायला उणे १२ ते १४ अंश बरे असते, आणि चांगल्या दुकानांतल्या काचेच्या पेट्या साधारण त्याच बेताने ठेवलेल्या असतात. त्या दुकानातला पोरगा एका हाताने सफाईने गोळा काढतो तो काही तालमीत जाऊन आलेला असतो म्हणून नव्हे. त्याचे आइसक्रीम तुमच्या आइसक्रीमपेक्षा चार-सहा अंशांनी शहाणे असते.

आणि हा प्रश्न नुसत्या चमच्याचा असता तर मी लेखणी उचलली नसती. तो जिभेचा आहे. अति थंडीने जीभ बधिर होते. गोडी मंदावते, वास तर जवळजवळ बंदच पडतो. पूर्ण वितळलेले आइसक्रीम कधी चाखून पाहा. ते तोंड बांधण्याइतके गोड लागते. ती सगळी गोडी गारठ्यात झाकली जाणार हे धरूनच त्यात घातलेली असते. मग उणे १८ अंशांचा खडा चघळणारा माणूस काय खातो? नुसता गारठा खातो. सीताफळाचे पैसे देऊन गारठा खायचा असेल तर पेल्यातला बर्फ फार स्वस्त पडतो.

पॉटच्या आइसक्रीमची आठवण काढून हळहळणारी मंडळी घरोघरी आहेत. माझ्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या आसपास, आमच्या गावी मे महिन्यात तो पॉट भाड्याने मिळे. बाहेर लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, दोहोंच्या मध्ये फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ, आणि वर फिरवायचा दांडा. हा दांड्याचा पॉट नॅन्सी जॉन्सन नावाच्या अमेरिकन बाईने १८४३ साली पेटंट करून घेतला; म्हणजे तोही एका बाईच्याच डोक्यातून निघालेला. बर्फात मीठ पडले की बर्फ वितळू लागतो आणि आसपासची उष्णता ओढून घेऊन शून्याच्या पुष्कळच खाली जातो. प्रमाण साधले तर उणे २१ पर्यंत. आम्ही पोरे आळीपाळीने दांडा फिरवीत असू. दांडा जड झाला, फिरेनासा झाला, की वडीलधारे म्हणत, “झालं!” आणि तेव्हाच्या तेव्हा वाट्या भरल्या जात.

या “तेव्हाच्या तेव्हा”त सारे मर्म आहे. पॉटमधले आइसक्रीम मऊ असतानाच निघे आणि मऊ असतानाच पोटात जाई. ते दगड होण्याची संधीच त्याला कोणी देत नसे. आज आपण म्हणतो, तो हापूस राहिला नाही, ते दूध राहिले नाही, ती माणसे राहिली नाहीत. दूध आणि हापूस यांविषयी मी भांडत नाही. पण त्या आठवणीत निम्मा वाटा तापमानाचा आहे, आणि ते तापमान आजही फुकट मिळते. कारखान्यातही यंत्रातून आइसक्रीम बाहेर पडते ते मऊच असते. ते टिकावे, दूर जावे, म्हणून नंतर कडक थंडीत झपाट्याने घट्ट करतात. ते घट्ट होणे हे प्रवासाकरिता आहे. पाहुणा प्रवासातून आला की त्याला पायांवर पाणी देतो, बसवतो, मग जेवायला वाढतो. आल्याबरोबर त्याच्या पाठीत उलथने घालीत नाही.

आता मायक्रोवेव्हवाल्यांकडे वळतो. हा पक्ष मोठा आहे आणि त्यात पदवीधर पुष्कळ आहेत. “पंधरा सेकंद फिरवा, की झालं,” असे ते म्हणतात. त्या यंत्राच्या लहरी पातळ पाणी भराभर शोषून घेते. बर्फ त्या मानाने फारच थोड्या घेतो. म्हणजे डब्यात जिथे प्रथम थोडे वितळेल, तिथेच पुढची सगळी उष्णता धावते. ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी आणखी जावे, हा जगाचा न्याय तिथेही चालतो. परिणाम काय? कडेला ऊन खीर, मध्ये जसाच्या तसा हिमालय. शक्ती अगदी कमी ठेवून, दहा-दहा सेकंदांनी थांबत, डबा फिरवीत, दर खेपेला बोटाने चाचपीत हे काम केले तर बरे होते, हे मी मान्य करतो. पण इतका वेळ त्या यंत्रापुढे उभे राहायचे असेल, तर तोच वेळ बाहेर जाऊन पाहुण्यांशी चार शब्द बोलण्यात का घालवू नये?

तापविलेल्या चमच्याचा पक्ष जुना आहे, आणि तो अधिक फसवा आहे. कारण चमचा आत जातो, आणि जिंकल्यासारखे वाटते. पण तो जातो तो मऊ करून नव्हे, पृष्ठभाग वितळवून. ते वितळलेले पाणी लगोलग त्या थंड गोळ्यावर पुन्हा गोठते आणि त्यावर काचेसारखा पापुद्रा धरते. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या खड्ड्यांत जी किरकिरीत साय दिसते ती या शौर्याची खूण. चमचा कोमट पाण्यात बुडवून, फडक्याने कोरडा पुसून वापरला तर माझी तक्रार नाही. ओला चमचा मात्र नको. त्यावरचे पाणी आइसक्रीमला लागताच त्याचा बर्फ होतो.

इथे दोन परक्या माणसांची नावे घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरात जे कोणी पाहत नाही ते त्यांनी पाहिले. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी आल्फ्रेड क्रॅल हा कृष्णवर्णीय गृहस्थ नोकरी करीत असे. आइसक्रीम चमच्याला चिकटते, ते सोडवायला दुसरा चमचा लागतो, आणि वाढणाऱ्याचे दोन्ही हात गुंतून पडतात, हे त्याच्या नजरेस आले. त्याने एका हाताने चालणारा, आतल्या पात्याने गोळा सोडविणारा डाव तयार केला आणि २ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याचे पेटंट मिळविले. आज आपण दुकानात पाहतो तो खटका दाबायचा डाव त्याच कुळातला. दुसरा शर्मन केली. आइसक्रीम काढून काढून एका दुकानातल्या मुलीच्या हाताला फोड आले होते, ते पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. त्याने १९३५ च्या सुमारास ॲल्युमिनियमचा एक जाड मुठीचा डाव केला. त्याची मूठ पोकळ, आणि तिच्यात उष्णता वाहून नेणारे द्रव्य. हाताची ऊब मुठीतून डावाच्या टोकाशी जाते आणि आइसक्रीम सुटते. त्याला खटका नाही, कमान नाही, हलणारा भागच नाही. हा डाव न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवलेला आहे, आणि चित्रकलेचा मास्तर म्हणून मी सांगतो, तो तिथे शोभतो.

पण केलीसाहेबांच्या कितीतरी आधीपासून हे गुपित आपल्या कुल्फीवाल्याला ठाऊक होते. कुल्फी आइसक्रीमहून कठीण. कारण ती आटीव दुधाची, आणि घुसळून तिच्यात हवा भरलेली नसते. तरी कुल्फीवाल्याच्या हातात तुम्ही कधी बत्ता पाहिला आहे? तो बर्फ-मिठाच्या माठातून साचा काढतो, दोन तळव्यांमध्ये धरून गरगर फिरवितो, तुमच्याकडे बघत “मलई की पिस्ता?” विचारतो, आणि तेवढ्यात कुल्फी अलगद सुटून पानावर उतरते. त्याने जोर केला नाही. त्याने तळव्यांची ऊब दिली, आणि बोलण्यात वेळ घालविला. रस्त्यावरच्या त्या माणसाला जे कळते ते आमच्या दोन दारांच्या फ्रीजवाल्यांना कळू नये, याचा मला संताप येतो.

तिसरा पक्ष आळशांचा. हे लोक डबा ओट्यावर काढून ठेवतात आणि विसरतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावर डब्याची बाहेरची कड पाच-सात मिनिटांत पातळ होते आणि गाभा तसाच राहतो. मग ते कडेचे खातात, आणि उरलेला, अर्धा वितळलेला डबा पुन्हा फ्रीजरमध्ये कोंबतात. हे सर्वांत वाईट. कारखान्यात झपाट्याने गोठविल्यामुळे बर्फाचे कण इतके बारीक राहतात की जिभेला ते कळत नाहीत. तुमच्या घरच्या फ्रीजरमध्ये वितळलेले आइसक्रीम सावकाश गोठते, आणि सावकाश गोठताना बारीक कण जाऊन मोठे स्फटिक धरतात. तेच ते दुसऱ्या दिवशीचे रवाळ, खसखशीत आइसक्रीम. शिवाय हवा निघून जाते. या हवेची चेष्टा करू नका. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे एक लिटर पूर्ण सायीचे आइसक्रीम निदान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. म्हणजे लिटरच्या डब्यात जवळजवळ निम्मी हवा असू शकते. त्या हवेचे पैसे तुम्ही दिलेले असतात, आणि मऊपणा मुख्यत्वे तिच्यामुळेच येतो. ती घालविली की उरतो तो गोड बर्फाचा ठोकळा, पहिल्यापेक्षा अधिक कठीण. आणि पुढच्या खेपेस चमचा आणखी वाकतो. आरोग्याचाही प्रश्न आहेच. थंडीने जंतू मरत नाहीत, निजतात. उबेला आले की जागे होतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी वीज जाते तेव्हा हा सगळा उद्योग आपल्या हातून न होताही होतो, आणि त्याला इलाज नाही. पण वीज असताना आपल्या हाताने काळोख करण्याचे कारण काय?

काही जण मोठ्या हुशारीने सांगतात की, फ्रीजरचा काटाच जरा वर सरकवून ठेवावा, म्हणजे आइसक्रीम नेहमी मऊच राहील. अशा घरी आइसक्रीम चार दिवस मऊ राहते आणि पाचव्या दिवसापासून रवाळ होते, आणि त्याच कप्प्यातले मटार व नारळाचा चव यांचीही गत बिघडते. एका डब्यासाठी सगळा कप्पा नासवायचा, हा कोणत्या गावचा हिशेब?

घरी केलेल्या आइसक्रीमविषयी एक शब्द, कारण दिवाळीत सुगरणींना तो उत्साह येतो. हल्ली मधुमेहाच्या धास्तीने साखर निम्मी करतात आणि मग ते लोखंडासारखे झाले म्हणून रडतात. वर सांगितलेला पाकाचा हिशेब आठवा. साखर ही तिथे नुसत्या गोडीसाठी नसते, ती मऊपणाची राखणदार असते. कमी घाला, अवश्य घाला. पण मग त्या आइसक्रीमला बाजारच्यापेक्षा दहा मिनिटे जास्त द्यायची तयारी ठेवा. अर्धवट गोठल्यावर मिक्सरमधून फिरवून पुन्हा गोठविण्याची जी रीत आहे ती उत्तम. तिने कण मोडतात आणि थोडी हवाही शिरते.

मला खरे आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. आमची माणसे उतावळी आहेत म्हणावे, तर तसे मुळीच नाही. भात उतरला की वाफ जिरू देतात. झाकण उघडणाऱ्या पोराच्या हातावर फटका बसतो. चहा झाकून मुरू देतात. श्रीखंडासाठी चक्का रात्रभर टांगतात. अनारशाचे पीठ मुरायला आठ-आठ दिवस थांबतात. कच्चा आंबा अढीत घालून त्याला रोज वास घेऊन पाहतात. वेळ देणे हा आमच्या स्वयंपाकाचा अर्धा धर्म आहे. मग एका आइसक्रीमपुढेच या लोकांची श्रद्धा का डळमळावी? मला वाटते, कारण असे की बाकीच्या सगळ्या थांबण्याला आमच्या भाषेत शब्द आहेत : जिरणे, मुरणे, निवणे, पिकणे. आइसक्रीमच्या थांबण्याला शब्दच नाही. आणि ज्याला शब्द नाही ते काम कोणी काम मानीत नाही. कादंबरीकार या नात्याने मी एक सुचवितो. थंडी अंगात भरते तिला आपण हीव म्हणतो. तेव्हा आइसक्रीमचे हीव उतरू द्यावे, असे म्हणावे. “हीव उतरलं का?” असे आतून-बाहेरून विचारले जाऊ लागले, तर “झालं का गं?” हा प्रश्न आपोआप मागे पडेल.

हे हीव उतरवायचे कसे, ते सांगायला एक परिच्छेद पुरतो. डबा फ्रीजरमधून काढून फ्रीजच्याच खालच्या कप्प्यात ठेवावा. तिथे चार-पाच अंशांची सौम्य ऊब असते (उणे १८ अंशांतून आलेल्याला ती ऊबच), त्यामुळे कड आणि गाभा यांच्यात फारसे अंतर पडत नाही. अर्ध्या लिटरला साधारण दहा ते पंधरा मिनिटे, लिटरला वीस ते तीस. चपट्या विटेला कमी, उंच डब्याला जास्त. नागपूरचा मे आणि महाबळेश्वरचा डिसेंबर यांचा हिशेब ज्याने त्याने करावा. डब्याची बाजू अंगठ्याने दाबली तर किंचित दबावी आणि चमचा मध्यावर हलक्या दाबाने अर्धा इंच जावा, की समजावे झाले. वाट्या त्याच वेळी खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. स्टीलची ऊन वाटी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते, अगदी शब्दशः. चमचा खाली खुपसू नये, वरच्या थरावरून ओढावा. पातळ पट्टी गुंडाळत येते. हवे तेवढे काढले की उरलेल्यावर बटरपेपर चिकटवून झाकण लावावे आणि डबा तेव्हाच वर जावा, गप्पा संपल्यावर नव्हे. वीट असेल तर ती घट्ट असतानाच सुरीने काप पाडावेत आणि ते काप ताटलीत ठेवून त्यांचे हीव उतरवावे. आणि सगळी दक्षता घेऊनही एखादा डबा पूर्ण वितळलाच, तर त्याला पुन्हा गोठवू नये. त्याच वेळी थंड दुधात घालून मुलांना द्यावा. पुण्याची मंडळी त्यावर आणखी एक गोळा ठेवून त्याला मस्तानी म्हणतील, आणि म्हणू द्यावे.

“एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा आटापिटा?” असे विचारणारे भेटतातच. त्यांना माझा उलट प्रश्न आहे : आटापिटा कोणता? डबा एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ठेवणे हा, की आज तुमच्या घरात चाललेला तो मल्लखांब? बाहेर बसलेल्याला तो दिसत नाही, एवढेच. जे काम आपल्याला करावे लागत नाही ते नेहमी एवढेसेच असते. आमच्या घरी आइसक्रीम काढण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्याबद्दल अद्याप कोणी माझा सत्कार केलेला नाही, आणि घरच्या चमच्यांपैकी एकही वाकलेला नाही.

या भाऊबिजेला करून पाहा. ताटे मांडली की डबा खालच्या कप्प्यात उतरवा. औक्षण होईल, जेवणे होतील, कोणी ताकभातासाठी आणखी एक मूद मागून घेईल. जेवण लांबतेसे दिसले तर डबा जरा उशिरा उतरवा. मग बहिणीला उठू देऊ नका. ओवाळून घेतलेल्या भावाच्या हातात चमचा द्या, त्याला आत पाठवा, आणि पहिली वाटी तिच्यापुढे येऊ द्या.